जोगाईचं सूत

पोटभर जेवून हात धूत होतो, तेवढ्यात पोटात अशी भूक पेटली की तांब्या तिथंच ठेवून मी पुन्हा पानावर येऊन बसलो. वाढणारीनं हसून आणखी दोन भाकरी टाकल्या. त्या संपवल्या, वर दूधभात खाल्ला, तरी पोट खपाटीलाच. पंगतीतली माणसं आधी थट्टा करत होती, मग एकेक करून गप्प झाली. किल्लेदार तुळाजी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. सोनवळगडावर माझ्या भुकेची थट्टा फार वेळ चालत नसे. ती भूक माझ्या एकट्याची नव्हती.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. पळसकोट आणि सोनवळ ही दोन छोटी राज्यं, आमचं नदीकाठी आणि त्यांचं डोंगरावर. घाटाच्या वाटेवरून पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या चालल्या होत्या. दोन्हीकडची माणसं पुरती थकली तेव्हा तह झाला, आणि तहाला जामीन म्हणून दोन्ही घरांनी आपलं मूल दुसऱ्याच्या हवाली केलं. पळसकोटच्या थोरल्या महाराजांचा एकुलता एक मी, खेळोजी. सोनवळच्या राणी उमाऊसाहेबांची एकुलती एक गोजरा. सरहद्दीवर जोगाईचं देऊळ आहे. तिथल्या गुरविणीनं एकाच लडीतलं सूत तोडून आमच्या दोघांच्या मनगटांना बांधलं.

जोगाईचं सूत ज्यांना बांधलं, त्यांचं शरीर एक होतं. एकाच्या पायात काटा मोडला तर दुसऱ्याच्या टाचेतून रक्त येतं. एक उपाशी राहिला तर दुसऱ्याची आतडी पिळवटतात, आणि एकानं खाल्लेलं दुसऱ्याच्याही अंगी लागतं. माझ्यावर हात उचलायचा म्हणजे राणीनं स्वतःच्या लेकीवर उचलायचा. तिकडं माझ्या वडिलांचंही तेच. म्हणून तर तह टिकला होता.

गोजराला मी त्या देवळात एकदाच पाहिलं. ती रडत नव्हती, म्हणून मीही रडलो नाही. मग तिची पालखी खाली गेली, माझं घोडं वर चढलं, आणि मी मिसरूड फुटेपर्यंत शत्रूच्या गडावर वाढलो.

तर त्या दुपारी मी पानावरून दुसऱ्यांदा उठलो आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. तिच्या एकादशीची भूक मला ओळखीची होती. ही तशी नव्हती. हिच्या जोडीला तहान होती. ओठ तडकायला लागले होते, आणि घागरीतलं पाणी प्यायलो की घटकाभर बरं वाटून पुन्हा घसा कोरडा पडत होता.

मी बाही वर केली आणि डाव्या हातावर नखानं लिहिलं, ‘काय झालं?’

हे आमचं गुपित होतं. गडावर आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी एकदा कोपऱ्यात बसून रडत असताना माझ्या दंडाला चिमटा बसला होता. खोलीत कुणी नव्हतं. मी उलट चिमटा काढला. तिकडून दोन आले. पुढं ती नखानं अक्षरं ओढायला लागली आणि मी डोळे मिटून ती वाचायला शिकलो. रोज दिवेलागणीला आम्ही असं बोलायचो. सुतातून दुखणं पोचायचं, हसू पोचत नसे. म्हणून ती हसली की हातावर लिहून कळवायची, ‘हसले’. मी तिचा आवाज ऐकला नव्हता, मोठेपणीचा चेहरा पाहिला नव्हता. पण ती कशाला हसते, हे मला पाठ झालं होतं. माझं लग्न दुसऱ्या कुणाशी होऊ शकेल, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. हे मी तिच्या हातावर कधी लिहिलं नाही. दोनदा सुरुवात करून थांबलो होतो.

त्या दुपारी उत्तर यायला वेळ लागला. आलं ते वेडंवाकडं, ‘पेव. पाणी नाही. काका.’

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. आणि काका म्हणजे माझे चुलते सर्जेराव. वडील होळीच्या सुमाराला वारले, तेव्हापासून पळसकोटचा कारभार त्यांच्या हाती होता. मी वयात आलो की गादी माझी. तोवर काकांची.

मी धावत पागेत गेलो. राणीसाहेब एका घोडीचा खूर मांडीवर घेऊन नाल बघत होत्या. उमाऊसाहेब माझ्याशी कधी गोड बोलल्या नाहीत. “जेवलास?” एवढं मात्र रोज विचारायच्या. तो प्रश्न मला नसून तिला आहे, हे मी लहानपणीच समजून होतो.

“आऊसाहेब, गोजराला पेवात कोंडलंय.”

त्यांनी खूर हळूच खाली सोडला. “कुणी सांगितलं?”

“तिनंच.”

तुळाजी माझ्या मागोमाग आले होते. ते म्हणाले, “राणीसाहेब, कालच पळसकोटचा जासूद येऊन गेला. ताईसाहेब जरा आजारी आहेत, बाकी ठीक म्हणाला. बाळराजांना घरची ओढ लागली असेल, म्हणून हे काहीतरी काढलंय.”

मी बाही वर केली. हातावर लाल रेघा उमटल्या होत्या. मग सगळं सांगून टाकलं, पहिल्या चिमट्यापासून.

राणीसाहेब त्या रेघांवर वाकल्या. “इतकी वर्षं?”

“हो.”

“आणि मी तिची आई, इथं जासुदांच्या तोंडाकडे बघत बसले.”

“आम्ही शपथ घेतली होती, आऊसाहेब. मोठ्यांना कळलं तर आम्हाला हेर करतील म्हणून.”

“केलंच असतं,” त्या म्हणाल्या. मग मला गवताच्या भाऱ्यावर बसायला सांगितलं. “विचार तिला. लहानपणी तिनं माझं काय गिळलं होतं?”

मी लिहिलं. माझ्या हातावर हळूहळू अक्षरं उमटली.

“मोती,” मी वाचलं.

“नथीतला,” राणीसाहेब म्हणाल्या आणि त्या लाल रेघांवर त्यांनी आपली बोटं ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता. तुळाजींनी मान दुसरीकडे वळवली.

मग काकांचा डाव उलगडायला वेळ लागला नाही. गोजरा आजारी असल्याची हूल त्यांनी आधीच उठवली होती. ती पेवात भुकेनं मेली की मी इथं गडावर मरणार. काकांच्या हाताला रक्त लागणार नाही. सोनवळवाल्यांनी आमचा वारस उपाशी मारला असं ओरडायला ते मोकळे, गादीही त्यांची आणि लढाईला निमित्तही तयार.

“तिला सोडवेपर्यंत याला उपाशी ठेवायचं नाही,” राणीसाहेब म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी स्वतः मला भरवलं. पेज, दूध, लोणी, उसाचा रस. मी नको म्हटलं की म्हणायच्या, “हा घोट तिचा आहे.” मी गिळायचो. पोट तडस लागून दुखायचं आणि त्याच वेळी भुकेनंही दुखायचं. अधूनमधून हातावर एक चिमटा यायचा. त्याचा अर्थ, पोचलं.

संध्याकाळी सदरेवर खल झाला. तुळाजींचं म्हणणं होतं, फौज घेऊन पळसकोटावर चालून जावं.

“फौज बघितली की तो तिला आधी संपवेल,” राणीसाहेब म्हणाल्या. “आणि हा इथं कोसळेल. मग आपण कुणासाठी लढायचं?”

मी म्हणालो, “मला वेशीवर घेऊन चला. थोडी माणसं बरोबर द्या. पळसकोटचं सैन्य माझ्या वडिलांचं आहे. मी मरायला टेकलोय असं काकांनी त्यांना सांगितलं असणार. मी तिथं धडधाकट उभा राहिलो की त्यांचं खोटं उघडं पडेल.”

“आणि त्यानं तुझ्यादेखत तिच्या गळ्यावर कट्यार ठेवली तर?”

“तर आम्ही दोघं जाऊ. पेवातही दोघं जाणारच आहोत.”

राणीसाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि स्वतःच्या नखानं त्यावर काहीतरी काढलं. अक्षरं नव्हती. एक वर्तुळ, मध्ये ठिपका, आणि वर्तुळाला एका बाजूला फट. मला काही बोध होईना. पण चिमटा लगेच आला. एक. म्हणजे हो.

राणीसाहेबांनी तीच आकृती पुन्हा काढली. या वेळचा चिमटा इतका जोरात होता की मी ओय केलं.

“काय विचारलंत तिला?”

“आमचं मायलेकींचं आहे ते,” त्या उठत म्हणाल्या. “झोप आता. सकाळी निघायचंय.”

सकाळी आम्ही घाट उतरलो. वाटेत जोगाईच्या देवळापाशी राणीसाहेबांनी घोडी थांबवली. गुरवीण भागुबाई आता खूप म्हातारी झाली होती.

“याचं सूत विरलंय,” राणीसाहेब तिला म्हणाल्या. “वाटेत तुटायला नको. बघून दे.”

भागुबाईनं मला देवीसमोर बसवून डोळे मिटायला सांगितलं. तिची बोटं मनगटाशी फिरत होती, ओठांत काहीतरी चाललं होतं. डोळे उघडले तेव्हा मनगटावर कोरं सूत होतं. भागुबाई राणीसाहेबांना म्हणाली, “परत एकदा विचार करा, आऊसाहेब.”

“झालाय करून,” त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

देवळापासून थोडं पुढं गेलो आणि माझ्या लक्षात आलं, भूक नाही! घसा ओला होता. अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं. मी घोडा पुढं काढून ओरडलो, “आऊसाहेब! तिला खायला दिलं वाटतं कुणीतरी!”

“असेल,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता घोडीला टाच मारली.

मी हातावर लिहिलं, ‘जेवलीस?’ उत्तर आलं नाही. पोटभर खाऊन झोपली असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्या आनंदात मी घाट कधी उतरलो ते कळलंही नाही.

पळसकोटच्या वेशीसमोर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दरवाजा बंद. तटावर माणसांची गर्दी. वेशीचे नाईक दळवीबाबा बुरजावर उभे होते. मी एकटा पुढं गेलो आणि पागोटं काढलं.

“दळवीबाबा, ओळखलंत का? मी खेळोजी. मला पहिल्यांदा घोड्यावर तुम्ही बसवलंत, आणि मी पडलो तेव्हा बाबांना सांगितलं नाहीत.”

तटावर कुजबुज उठली. दळवीबाबा पुढं वाकले. “बाळराजे? अहो, तुम्हाला तिकडं अंधारकोठडीत घातलंय म्हणून आम्हाला...”

“कुणी सांगितलं?”

त्यांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्यामागून सर्जेरावकाका आले. दोघा शिपायांनी गोजराला दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

मी तिला ओळखलं ते कशावरून सांगता येणार नाही. केस मातीनं माखले होते, गाल बसले होते, ती नीट उभी राहू शकत नव्हती. पण तिनं मला बघितलं, आणि मान जराशी हलवली. परत जा, असं ती सांगत होती.

“खेळोबा,” काका वरून म्हणाले, “शत्रूची माणसं घेऊन बापाच्या वेशीवर आलास? फीर मागं. एक पाऊल पुढं टाकलंस तर ही कट्यार हिच्या नरड्यात जाईल, आणि तू तिथं धुळीत पडशील. सूत ठाऊक आहे ना?”

मी मागं वळून राणीसाहेबांकडे पाहिलं. त्या घोडीवर ताठ बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

मी एक पाऊल पुढं टाकलं.

“बघा रे सगळ्यांनी!” काका ओरडले. “हा स्वतःच्या हातानं मरतोय!” त्यांनी गोजराचा हात ओढून कट्यारीनं कोपरापासून मनगटापर्यंत चीर दिली. वानगीदाखल.

ती ओरडली. मी डोळे मिटून दात आवळले आणि वाट पाहत राहिलो. आता पेटेल, आता भळाभळा वाहायला लागेल.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले. तिच्या हातातून रक्त बुरजाच्या दगडावर गळत होतं. माझा हात कोरडा होता. मी तो उलटा करून पाहिला, पालटून पाहिला. मग वर केला, सगळ्यांना दिसेल असा.

काका एकदा कट्यारीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. कुणीतरी मागून ओरडलं, “जोगाईनं सूत सोडलं! देवीनं आपल्या राजाला सोडवलं!” आणि मग सगळा तट ओरडायला लागला.

दळवीबाबांनी काकांचं मनगट धरलं. त्यांचा आवाज मोठा नव्हता, तरी खालपर्यंत ऐकू आला. “सर्जेराव, त्याला मारायला वार केलात तुम्ही. थोरल्या महाराजांच्या लेकराला. आमच्या डोळ्यांदेखत.”

कट्यार दगडावर पडली. वेशीचा अडसर सरकला.

मी पायऱ्या कशा चढलो, आठवत नाही. गोजरा भिंतीला टेकून बसली होती. मी पागोट्याचं टोक फाडून तिच्या हाताला बांधलं. गाठ लवकर बसेना.

“पाणी,” ती म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. थोडा घोगरा, मला वाटला होता त्याहून जाड. कुणीतरी तांब्या आणून दिला. ती पाणी पीत होती आणि माझ्या घशाला काही जाणवत नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“सूत कधी तुटलं?” मी विचारलं.

“तुटलं नाही. आऊनं सोडवून घेतलं. तुम्हाला सांगितलं नाही तिनं?”

“नाही. देवळात... पण मला वाटलं तुला कुणी जेवायला दिलं!”

ती हसली. मी ते बघितलं. लिहून कळवायची गरज नव्हती.

“लहानपणी आऊ आणि मी अंगणात टोपलीखाली पाखरं धरायचो,” ती दम घेत घेत सांगायला लागली. “मग ती मातीत वर्तुळ काढायची, आत ठिपका. फट ठेवली की टोपली उचलायची, पाखराला जाऊ द्यायचं. काल तिनं तेच विचारलं. याला सोडू का? मी हो म्हटलं.”

“पण दोनदा विचारलं.”

“आई आहे ती. दोनदा विचारणारच.”

“गोजरा, सूत सुटलं की माझं खाल्लेलं तुला पोचणार नव्हतं. आणि त्यानं हाताऐवजी गळ्यावर...”

“तर गेले असते,” ती म्हणाली. “तुम्हाला कशाला बरोबर न्यायचं?”

तिचा मातीनं माखलेला हात धरून तिथंच बसून राहिलो. जे मी लिहायला घेऊन दोनदा थांबलो होतो, ते त्या दिवशी तोंडानं सांगितलं. तिनं काय उत्तर दिलं, ते आमच्या दोघांत राहू दे.

थोड्या वेळानं राणीसाहेब वर आल्या. त्यांनी लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि खूप वेळ सोडलं नाही. मी उठून बाजूला उभा राहिलो. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा मी विचारलं, “आऊसाहेब, मला का सांगितलं नाहीत?”

“तुझ्या तोंडावर दिसलं असतं. त्या माणसाला तुझ्या तोंडावर भीतीच दिसायला हवी होती.”

“एवढंच?”

“नाही. सांगितलं असतं आणि तू मोकळा आहेस म्हणून दुसऱ्याच वाटेनं निघून गेला असतास, तर ते मला बघावं लागलं असतं. इतकी वर्षं तुला वाढवलं. ते बघायची माझी तयारी नव्हती.”

तोवर मी समजत होतो की गडावरचा माझा प्रत्येक घास गोजराच्या नावाचा होता. सूत सोडवून घेतल्यावर माझ्या जगण्या-मरण्याशी त्या माउलीचा काही संबंध उरला नव्हता. तरी लेकीचा जीव धोक्यात ठेवून त्यांनी मला त्या कट्यारीखालून बाहेर काढलं होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि रोजचंच विचारलं, “जेवलास का सकाळपासून?”

काकांना मी मारलं नाही. नदीपलीकडच्या मठात ठेवलं, तिथंच ते म्हातारे होऊन वारले. वैशाखात आमचं लग्न झालं. दोन्हीकडचे सरदार तह नव्यानं करायला बसले, तेव्हा कुणीतरी विचारलं, आता जामीन कोण? राणीसाहेब म्हणाल्या, “हा पोरगा माझ्या लेकीबरोबर मरायला आला होता. याहून मोठा जामीन तुमच्याकडे असेल तर आणा.” कुणी आणला नाही. घाटाची वाट आजही उघडी आहे. दोन्हीकडचे बैल एकाच पाणवठ्यावर पाणी पितात.

उमाऊसाहेब खूप वर्षं जगल्या. शेवटची वर्षं आमच्याकडेच होत्या, आणि माझ्यावर रागावायचा त्यांचा हक्क त्यांनी शेवटपर्यंत बजावला. त्या गेल्या तेव्हा सोनवळचे भाऊबंद आले. मी अग्नी द्यायला पुढं झालो, तशी त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. जावयानं अग्नी द्यायचा नसतो, भाऊबंद असताना तर नाहीच, असं एक वडीलधारे मोठ्यानं म्हणाले.

गोजरा पदर सावरून पुढं आली.

“जावई म्हणून देत नाहीयेत ते,” ती म्हणाली.

भाऊबंदांनी वाट करून दिली. मी पुढं झालो.